दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याचं संगीत: रॉक कशाला म्हणायचं, याची पार्श्वभूमी

गणपतीत किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडे 'रॉक बँड' असा फलक आता नवा राहिलेला नाही. फलकाखाली दोन गिटार, एक बेस, ड्रमसेट आणि कीबोर्ड असतो, आणि कार्यक्रमात हिंदी चित्रपटगीतं, कोळीगीतं, एखादा अभंग, दोन-चार इंग्रजी गाणी असं सगळं एकापाठोपाठ वाजतं. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजंही उतरतात. तिथे पाश्चात्त्य एकल गायन आणि पाश्चात्त्य समूहगान असे प्रकार आहेत, रॉकचा वेगळा रकाना नाही. मग आपण वाजवतो त्यातलं रॉक कोणतं, हा वाद तालमीच्या खोलीत निघतो आणि 'गिटार जोरात वाजली की रॉक' एवढ्यावर मिटवला जातो.

तो एवढ्यावर मिटत नाही, कारण आपल्याच दारात त्याला उत्तर आहे. बेंजो पार्टीतही विजेवर चालणारं तंतुवाद्य असतं, ढोल-ताशा असतो, ऑक्टापॅड असतो आणि आवाज कुठल्याही रॉक बँडच्या तोडीस तोड असतो. तरी बेंजो पार्टीला कुणी रॉक म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे. का बरोबर आहे हे समजून घ्यायचं तर या संगीताचा ठोका कुठून आला आणि त्याचा आवाज कसा घडला, या दोन गोष्टींचा माग काढावा लागतो. आमच्या मते व्याख्या याच दोन गोष्टींत आहे. लांब केस, काळे कपडे, बंडखोरी हे सगळं नंतर चिकटलं. बंडखोरीच म्हणाल तर ती आपल्या भारुडात आणि शाहिरीतही ठासून भरलेली आहे. तेवढ्यावरून संगीताची जात ठरत नाही.

शब्द कुठून आला

इथे रॉक म्हणजे खडक नव्हे. रॉक आणि रोल ही दोन्ही क्रियापदं दर्यावर्दींची. लाटेवर जहाज पुढे-मागे हेलकावतं आणि बाजूंना कलंडतं, त्या दोन हालचालींसाठी ही जोडी सतराव्या शतकापासून इंग्रजी खलाशांच्या तोंडी होती. हर्णै किंवा मालवणच्या बंदरात नांगरलेली होडी वारा फिरल्यावर कशी हलते हे ज्यानं पाहिलंय, त्याला शब्दाचा मूळ अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये देहभान विसरून डोलण्याला हाच शब्द लागला आणि चर्चबाहेर तो शरीरसंबंधाचा सूचक झाला. ट्रिक्सी स्मिथ या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायिकेनं १९२२ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्याच्या शीर्षकातच 'रॉक' आणि 'रोल' दोन्ही आहेत. पण त्या गाण्याला आज कुणी रॉक म्हणणार नाही. शब्द आधी आला, संगीत मागाहून.

संगीताला हे नाव चिकटलं ते दुकानांच्या आणि रेडिओच्या सोयीनं. अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली वेगळ्या यादीत असत. बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकानं १९४९ मध्ये ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. १९५१ पासून क्लीव्हलंडच्या रेडिओवर ॲलन फ्रीड हा निवेदक त्याच तबकड्या रात्री लावू लागला. ऐकणाऱ्यांत गोरी तरुण मुलंही होती, आणि त्यानं या संगीताला 'रॉक अँड रोल' म्हणायला सुरुवात केली. तबकडी तीच, गायक तोच, यादी बदलली की नाव बदललं. म्हणून जुन्या लेबलवर काय छापलंय यावरून प्रकार ठरवायला जाऊ नये. लेबल गिऱ्हाइकाबद्दल सांगतं, ठोक्याबद्दल सांगत नाही.

ठोका

चार मात्रांचं आवर्तन मोजा: एक, दोन, तीन, चार. आपल्या हाताला सवय अशी की टाळी समेवर, म्हणजे एकवर पडते. भजनात झांजेचा, नमनात मृदंगाचा, पालखीपुढे ढोलाचा भार समेकडे धावतो. कुणीही वादक भरकटला तरी समेला परत येतो. रॉकमध्ये भार दोन आणि चारवर असतो. पायानं वाजवायचा मोठा ड्रम एक आणि तीनवर खाली दणका देतो, आणि डाव्या हातानं स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या चपट्या, करकरीत आवाजाच्या ड्रमवर, दोन आणि चारला कडक फटका बसतो. यालाच बॅकबीट म्हणतात. गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या टाळ्यांत आणि न्यू ऑर्लिन्सच्या वादकांत तो आधीपासून होता, पण पूर्ण गाणंभर, एकाही आवर्तनात न चुकता, स्नेअरवर त्याला बसवणं ही १९४० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. फॅट्स डॉमिनोच्या डिसेंबर १९४९ मधल्या पहिल्या ध्वनिमुद्रणात अर्ल पामर या न्यू ऑर्लिन्सच्या ड्रमरनं तो असा वाजवला आहे.

दुसरा बदल याहून बारीक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. जाझ आणि जुन्या ब्लूजमध्ये प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात आणि वादक पहिला आणि तिसरा भाग वाजवतो, मधला गाळतो. त्यामुळे चाल लंगडत, उड्या मारत जाते. याला शफल किंवा स्विंग म्हणतात. आपल्याकडच्या तिस्र जातीच्या जवळचा हा प्रकार. रॉकमध्ये ठोक्याचे सरळ दोन समान भाग होतात. हा बदल पियानोतून आला. लिटल रिचर्ड उजव्या हातानं पियानोवर सरळ आठ-आठ ठोके कुटत असे. त्याच्यामागे शफल वाजवणं जमेना, म्हणून याच पामरनं आपला हातही सरळ केला. चक बेरीनं १९५५ पासून शिकागोच्या चेस कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणं केली त्यांतल्या काहींत हा संक्रमणाचा क्षण कानानं पकडता येतो: गिटार सरळ आठात चालली आहे आणि मागचा ड्रमर अजून स्विंगमध्येच आहे. दोघांतली ती ओढाताण हीच त्या तबकड्यांची गंमत. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ड्रमरही सरळ झाले. 'रॉक अँड रोल' आणि नुसतं 'रॉक' यांत फरक विचारला तर हा पहिला फरक सांगावा.

तबला किंवा ढोलकी येणाऱ्याला हे कहरव्यातून लगेच समजतं. धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रांना आठ सरळ ठोके धरले तर एक, दोन, तीन, चार हे मुख्य ठोके पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर येतात. म्हणजे बॅकबीटच्या जागा तिसऱ्या मात्रेवरचा 'ना' आणि सातव्या मात्रेवरचा 'धि'. कहरव्यात भार पहिल्या 'धा'वर असतो. तो काढून तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर समान वजनानं टाकला आणि बाकीच्या मात्रा नुसत्या भरत राहिलं की कहरवा रॉककडे झुकतो. सगळी अडचण सातव्या मात्रेवर होते. तिथे डाव्याचा घुमार येतो, कडक आवाज येत नाही, म्हणून चौथा ठोका मऊ पडतो आणि गाणं पुन्हा चित्रपटगीतासारखं वाटायला लागतं. ढोलकीवाल्यानं ड्रमसेटवर बसताना हीच सवय सोबत नेलेली असते: पाय जड, स्नेअर हलका. त्यावर तालमीतला एक उपाय खात्रीचा आहे. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर मेट्रोनोम (ठरल्या लयीत टक्-टक् करणारं यंत्र) ६० वर लावावा आणि त्याचा टक्-टक् एक-तीन न मानता दोन-चार मानावा. पहिली दहा मिनिटं सगळे उलटे पडतात. कान मशीनच्या ठोक्याला सम समजतो. तसं झालं की थांबून, तोंडानं 'एक' म्हणत पुन्हा सुरुवात करायची. हे बसल्याशिवाय गिटारला हात लावू नये.

आवाज

रॉकमध्ये ॲम्प्लिफायर हे वाद्य आहे, नुसतं मोठा आवाज करणारं यंत्र नव्हे. हे कळायला तीन बिघाडांची हकिकत पुरेशी आहे. मार्च १९५१ मध्ये आयक टर्नरचा बँड सॅम फिलिप्सच्या मेम्फिसमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला निघाला. वाटेत गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला, स्पीकरचा कागदी शंकू फाटला. फिलिप्सनं त्यात कागद कोंबला आणि जो भरड, चिरका आवाज आला तो तसाच ठेवला. गायक जॅकी ब्रेन्स्टनच्या नावानं निघालेली ती तबकडी 'पहिलं रॉक' म्हणून पुष्कळदा दाखवली जाते. दुसरा बिघाड १९६१ चा. नॅशव्हिलमध्ये एका कंट्री गाण्याच्या वेळी मिक्सरचा एक चॅनेल खराब झाला आणि ग्रेडी मार्टिनचा बेस भुणभुणला. तो आवाज लोकांना इतका आवडला की तो मुद्दाम काढणारी पेटी तयार झाली आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन नावानं बाजारात आली. तिसऱ्याला बिघाड तरी कसं म्हणावं? १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरचा शंकू दाढीच्या पात्यानं स्वतःच चिरला. तेरा वर्षांत अपघाताचा हेतू झाला. आमच्या मते रॉक जन्मल्याची खूण हीच.

त्याच सुमारास लंडनमध्ये ड्रमची दुकानदारी करणाऱ्या जिम मार्शलनं १९६२ साली फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला. १९६५ पर्यंत वर शंभर वॅटचं डोकं, म्हणजे खुद्द ॲम्प्लिफायर, आणि खाली बारा इंची चार-चार स्पीकरांच्या पेट्या अशी उतरंड तयार झाली. गिटारच्या बाजूनं फेंडरची टेलिकास्टर १९५० पासून (आधी ब्रॉडकास्टर नावानं), प्रिसिजन बेस १९५१ पासून आणि गिब्सनची लेस पॉल १९५२ पासून होतीच. यांत बेस गिटारचं महत्त्व कमी सांगितलं जातं. उभ्या मोठ्या बेसचा आवाज ड्रमखाली दबायचा. पडदे असलेला विजेवरचा बेस आला तेव्हा त्याला पायाच्या ड्रमबरोबर एकजीव होता आलं, आणि चार माणसांत मोठ्या बँडचं वजन आलं. ब्रासची, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची, गरज संपली ती तिथे.

आता आवाज फाटला की नेमकं काय होतं ते स्वरांच्या भाषेत बघू, कारण आपल्या कानाला ते विशेष जवळचं आहे. रॉकच्या गिटारवर पूर्ण कॉर्डपेक्षा (सा-ग-प असे एकत्र वाजवलेले स्वर) दोनच स्वर फार वाजतात: सा आणि प. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार गाळलेला असतो. कारण असं. गिटारच्या पाचव्या तारेचा सा ११० हर्ट्झ, त्याचा पंचम १६४.८ हर्ट्झ. ॲम्प्लिफायर जोर लावून फाडला की तो या दोन स्वरांबरोबर त्यांची वजाबाकी आणि बेरीजही वाजवतो. वजाबाकी ५४.८, म्हणजे जवळपास खर्जातला सा, जो कुणी छेडलेलाच नाही. म्हणून दोन तारांचा आवाज दुप्पट भरदार लागतो. बेरीज २७४.८. कुठल्याही स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वर वाजतात, ते उपस्वर. ५५ हर्ट्झच्या सा-चा पाचवा उपस्वर २७५, आणि पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. तानपुरा सा-प मध्ये नीट लागला की ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा. पॉवर कॉर्डमध्ये गंधार न वाजवता ऐकू येतो तो यामुळे.

मग गिटारच्या पडद्यावरचा गंधारही सोबत वाजवला तर? तो समस्वरी सप्तकातला, म्हणजे बारा सारखे भाग पाडलेल्या सप्तकातला, शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा). ११० च्या सा-चा पाचवा उपस्वर ५५० हर्ट्झवर येतो आणि १३८.६ च्या गंधाराचा चौथा ५५४.४ वर. दोघांत सेकंदाला चारपेक्षा जास्त हेलकावे पडतात. साध्या, स्वच्छ आवाजात ते फारसे जाणवत नाहीत. फाटलेल्या आवाजात प्रत्येक उपस्वर फुगतो, म्हणून सगळं गढूळ होतं. पंचम मात्र शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंट उतरा, म्हणून तो तग धरतो. बँडमध्ये कीबोर्डवाला गिटारच्या पॉवर कॉर्डवर पूर्ण मेजर कॉर्ड धरून बसला की जो चिखल होतो त्याचं कारणही हेच. त्यानं अशा वेळी सा-प धरावेत किंवा हात वर, दोन सप्तकं उंच न्यावा.

कोकणच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. जून ते सप्टेंबर हवेत पाणी इतकं असतं की लाकडी मान फुगते, तारांची उंची बदलते, बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सा-शी जुळेनासा होतो. स्वच्छ आवाजावर हे खपून जातं. फाटलेल्या आवाजावर सा-प लगेच डगमगायला लागतो आणि वादक ॲम्प्लिफायरला दोष देतो. आधी बाराव्या पडद्यावर स्वर तपासावा. चढा असेल तर ब्रिजवरचा (तारा खालच्या बाजूला टेकतात त्या पट्टीवरचा) स्क्रू फिरवून तारेची लांबी थोडी वाढवावी, उतरा असेल तर कमी करावी. खाऱ्या वाऱ्यात साध्या पोलादी तारा गंजायला वेळ लागत नाही. गंजलेली तार एकसारख्या जाडीची राहत नाही आणि तिचे उपस्वर जुळतच नाहीत, तिथे कितीही स्क्रू फिरवले तरी उपयोग नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा पुसणं, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि पावसाळ्यात तारा लवकर बदलणं, एवढाच इलाज.

'रोल' गळून पडला

१९५४-५५ मध्ये बिल हेली आणि एल्व्हिस प्रेस्लीनं हे संगीत गोऱ्या घरांत पोचवलं, ही कथा सर्वश्रुत आहे. ती आटोपती घेऊ. व्याख्येच्या दृष्टीनं मोठी उडी १९६४ ते १९६७ मध्ये आहे. इंग्लंडच्या मुलांनी अमेरिकन ब्लूज उलटा अमेरिकेला नेऊन विकला. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलननं विजेची गिटार हातात घेतली आणि शब्दांना वजन असलेलं गाणंही या ठोक्यावर बसतं हे दिसलं. बीटल्सनी ऑगस्ट १९६६ नंतर दौरे थांबवले आणि स्टुडिओतली तबकडी हीच मूळ कृती मानली. मंचावर वाजवायचं ते तिच्यासारखं. तोवर तबकडी ही मैफलीची नक्कल होती. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोलिंग स्टोन हे नियतकालिक निघालं तेव्हा या संगीतावर गंभीरपणे लिहिलं जाऊ लागलं होतं आणि 'अँड रोल' बोलण्यातून गळत चाललं होतं. गाणी स्वतः रचणारा, स्वतः वाजवणारा बँड ही अपेक्षा याच तीन-चार वर्षांतली. ती संगीताच्या आत नसते, पण नावाला तेव्हापासून जोडली गेली आहे.

त्यानंतरच्या फांद्या म्हणजे ठोका आणि आवाज यांतलं काय वाढवलं, काय छाटलं याची नोंद. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. ताण कमी व्हावा म्हणून तो हलक्या तारा वापरू लागला आणि १९७१ पर्यंत तारा दीड स्वर खाली उतरवून वाजवू लागला. हेवी मेटलचं ते खालचं वजन त्या जखमी हातातून आलं. पंकनं १९७६ च्या सुमारास लांबलचक सोलो छाटले आणि तीन कॉर्ड ठेवले. प्रोग्रेसिव्ह रॉकनं मात्रांची संख्या बदलली, सात आणि पाचही आणले. या सगळ्यांना एकच व्याख्या तंतोतंत लागू होत नाही, आणि व्हायला नको. गावात कूळ ओळखतात तसं हे आहे: एकाचं नाक, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याची चाल. प्रत्येकात सगळं नसतं, पण दोन-तीन खुणा जुळल्या की माणूस कुठल्या घरातला ते कळतं.

मुंबई, गोवा आणि मधला किनारा

हे संगीत भारतात उतरलं तेव्हा ते वाजवायला माणसं तयार होती. गोव्यात चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवत आणि सकाळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आल्डोन्याचे चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. रामचंद्रांनी १९५७ च्या 'आशा' चित्रपटात केलेलं निरर्थक शब्दांचं गाणं हिंदीतलं पहिलं रॉक अँड रोल म्हणून नेहमी सांगितलं जातं. ते ऐकताना गिटारपेक्षा ब्रासकडे लक्ष द्या: आवाज मोठ्या जाझ बँडचा आहे. रॉक अँड रोलचा उत्साह त्यात पुरेपूर आहे, रॉकचा आवाज नाही. गाण्याची थोरवी त्यानं तसूभर कमी होत नाही.

बँडचा काळ साठच्या दशकात आला. तेव्हा इथे शब्द 'बीट' होता. इम्पीरियल टोबॅको कंपनीच्या सिमला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ च्या दोन तबकड्या निघाल्या, आणि त्यांत फझ पेटीचा आवाज स्पष्ट आहे. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. आधी दुसऱ्यांची गाणी, मग १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम, आणि १९९३ पासून इंडस क्रीड हे नाव. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि धोबी तलावचं रंगभवन त्याचं घर झालं, शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथला मोठा आवाज बंद होईपर्यंत. दक्षिणेला शिवोलीत रेमो फर्नांडिस ऐंशीच्या दशकात घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करून कॅसेट स्वतः विकत होते.

मधल्या किनाऱ्यावर हे सगळं कॅसेटमधून पोचलं. चाकरमानी मुंबईहून आणत, आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानात टू-इन-वन येत. आधी संगीत आलं, ते वाजवायची साधनं फार नंतर आली, हे लक्षात ठेवायला हवं. ज्यानं रॉक फक्त छोट्या स्पीकरवर ऐकलंय त्याच्या कानात गिटारची किणकिण राहते. बेस आणि पायाचा ड्रम त्या स्पीकरमधून निघतच नाहीत. इथल्या बँडांत बेसवादक सगळ्यात शेवटी शोधला जातो, त्याचं मूळ आम्हाला यात दिसतं.

मग बेंजो रॉक का नाही

बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोयात १९१२ साली तयार झालेल्या तैशोगोतो या वाद्याचं हे आपल्याकडचं रूप. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हातातल्या नखीनं तार छेडायची. त्याला पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी गुंडाळी) बसवून ॲम्प्लिफायरला जोडला की आवाज चिरका होतो, पुष्कळदा फाटतोही. म्हणजे आवाजाची खूण अर्धी जुळली. पण बेंजोवर वाजते ती गाण्याची चाल, गळ्यातून निघणारी, हरकतींसकट. रॉकची गिटार चालीमागे जात नाही. ती एक-दोन आवर्तनांचा छोटा तुकडा, म्हणजे रिफ, पुन्हा पुन्हा वाजवते आणि गायक त्यावर चढतो. कोळी चालींत सहाचा झोका असतो, सरळ आठ नसतात, आणि ताशा बॅकबीटसाठी जागा मोकळी सोडत नाही, तो सगळी जागा भरतो. डबलबारीतल्या गजरात लय चढते तेव्हा अंगावर काटा येतो. पण चढती लय हे त्याचं बळ आहे, तर रॉकचं बळ लय जागच्या जागी धरून ठेवण्यात. तीन-चार खुणांपैकी एकच जुळते, तीही अर्धी. कूळ वेगळं.

एखाद्या गाण्याबद्दल शंका असेल तर गायकाला गप्प करा. उरलेलं वाजवणं गाणं म्हणून ओळखू येतं का? येत असेल तर रिफ आहे. मग तेच बिनविजेच्या गिटारवर वाजवून बघा. काहीतरी महत्त्वाचं हरवलं असं वाटलं तर तिथे ॲम्प्लिफायर वाद्य म्हणून वापरलेला आहे. शेवटी दोन-चारवर टाळी वाजवत चला. टाळी स्नेअरवर पडली तर बाकी वाद थांबवायला हरकत नाही.

मराठी शब्द या ठोक्यावर बसत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. इंग्रजीत आघात असतो, आपल्याकडे लघु-गुरू असतात, एवढाच फरक. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे चरण सरळ आठात अगदी बेतून शिवल्यासारखे बसतात: सहा अक्षरं आणि दोन मात्रा रिकाम्या, असे तीन बार, म्हणजे आवर्तनं, चौथ्यात चार अक्षरं आणि चार मात्रा रिकाम्या. उदाहरणार्थ:

दर्या मातलासे, होडी हेलकावे,
दिवा दूर धावे, किनाऱ्याचा.

प्रत्येक चरणाचं तिसरं अक्षर पहिल्या स्नेअरवर येतं: मा, हे, दू, ऱ्या. चारही गुरू, म्हणून फटका अंगावर घेतात. 'होडी हेलकावे'च्या जागी 'होडी डगमगे' घातलं तर स्नेअर लघु 'ड'वर आपटतो आणि शब्द मोडतो. दुसरा स्नेअर, सातव्या मात्रेवरचा, चारही बारांत शांततेत पडतो. चौथ्या बारची उरलेली अर्धी जागा गिटारच्या उत्तरासाठी. अंत्ययमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, म्हणजे बरोबर मध्यावर, तिथे रिफ बदलायला सोय आहे.

मंडपातलं गणित

इतकं जमवूनही मैदानात ते रॉक वाटत नाही, याला बहुतेक वेळा साउंड सिस्टिम कारण असते. फझ किंवा डिस्टॉर्शनची पेटी थेट मिक्सरला जोडली की आवाज डास भुणभुणल्यासारखा येतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं बोलत नाही. मंडपातले भोंगे त्याच्या कितीतरी वर जातात आणि फाटलेल्या आवाजातली सगळी किरकिर बाहेर टाकतात. पंधरा वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर मंचावर ठेवून त्याच्या जाळीपासून बोटभर अंतरावर, शंकूचा मध्य आणि कड यांच्या अधेमध्ये माइक लावावा. ते शक्य नसेल तर स्पीकरची नक्कल करणारी पेटी मध्ये घालावी, किंवा मिक्सरवर गिटारचं ५ किलोहर्ट्झच्या वरचं आणि १०० हर्ट्झच्या खालचं कापावं.

गुणगुण येत असेल तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झ आणि तिची पटीतली भावंडं. एका गुंडाळीचं पिकअप ती अँटेनासारखी पकडतं. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये उलट्या दिशेच्या दोन गुंडाळ्या जोडून ती मारली, तेच हम्बकर. म्हणून डेकोरेशनच्या माळा आणि जनरेटर शेजारी असतील तिथे हम्बकर पिकअपची गिटार न्यावी. अर्थिंग तुटलं असेल तर हम्बकरही वाचवत नाही. गिटारच्या तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर आधी अर्थिंग तपासा. माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर वाजवणं तिथेच थांबवा.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. सणाच्या काही ठरावीक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं. त्यामुळे साउंड चेक संध्याकाळीच उरकावा, आणि त्यात एक गोष्ट वगळू नये. रस्त्याच्या टोकाला जास्तीचे स्पीकर लावलेले असतात. मंचापासून ते साठ मीटरवर असतील, तर मंचाचा आवाज तिथे पोचायला सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात, पण तारेतून तो आवाज तिथल्या स्पीकरला तत्काळ मिळतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात सरळ आठातला एक भाग २५० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे मागे उभ्या असलेल्याला प्रत्येक स्नेअर दोनदा ऐकू येतो, दुसरा आठातल्या पुढच्या भागाच्या जरा आधी, आणि दोन-चारचा ठोका तिथे उरतच नाही. मिक्सरवर त्या स्पीकरांना दर मीटरला ३ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. मग ड्रमरला नुसता स्नेअर वाजवायला सांगून एकानं शेवटच्या रांगेपर्यंत टाळी वाजवत चालत जावं. टाळी आणि स्नेअर तिथेही एकत्र पडेपर्यंत आकडा बदलत राहावा.